बारसे थांबू द्या

दिवाळी अंकात असला विषय कशाला, अशी शंका आमच्या घरातूनच निघाली. पुढ्यात फराळाचे ताट, आणि वाचायचे काय, तर तान्ह्या मुलाचे असे दुखणे की ज्याचा उच्चार चारचौघांत करायची चोरी! शंका रास्त आहे. पण दिवाळी अंक घरातली सगळी माणसे आलटूनपालटून वाचतात, आणि हा विषय सगळ्यांनी एकदा तरी वाचावा असा आहे. आजीने तर अवश्य. कारण असे मूल घरात आले म्हणजे पहिला निकाल बहुधा आजीच देऊन मोकळी होते.

मूल जन्मले की विचारणारा एकच प्रश्न विचारतो : मुलगा की मुलगी? बहुतेक वेळा उत्तर तिथल्या तिथे मिळते. क्वचित एखाद्या वेळी मात्र डॉक्टरीणबाई बाळाकडे दोनदा निरखून पाहतात आणि म्हणतात, "आत्ताच सांगता येत नाही." या चार शब्दांनी घराच्या पायाखालची जमीन सरकते. पुढे जे जे होते, त्यात वैद्यकाचा वाटा किती, लोकलज्जेचा किती आणि सरकारी विम्याच्या कागदांचा किती, हे मला गेल्या काही वर्षांत जवळून पाहायला मिळाले.

मी पेणला माध्यमिक शाळेत ३१ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर घरी करमेना, म्हणून ओळखीपाळखीच्या लोकांचे सरकारी कागद भरून देऊ लागले. होता होता "इस्पितळाचा कागद आहे ना, मग बाईंकडे जा" असा लौकिक झाला. पेण जगाला ठाऊक आहे ते गणपतीच्या मूर्तींसाठी आणि पोह्याच्या पापडांसाठी. पण श्रावणात रंगकामाने गजबजलेल्या त्याच आळ्यांतून कुणाच्या मूत्रपिंडाचे, कुणाच्या हृदयाच्या झडपेचे कागद माझ्या ओसरीवर येतात.

या कागदांच्या बाबतीत आमचा रायगड जिल्हा पहिल्या पंक्तीतला. २ जुलै २०१२ रोजी राज्य सरकारने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात गडचिरोली, नांदेड, सोलापूर यांच्याबरोबर रायगडही होता. पुढच्या वर्षी ती राज्यभर झाली, २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचे नाव मिळाले, आणि नंतर केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. सुरुवातीला पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डवाल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार फुकट होते. २०२३ साली सरकारने ही मर्यादा पाच लाखांवर नेण्याचे आणि पांढऱ्या कार्डवाल्यांनाही आत घेण्याचे ठरवले. म्हणजे आता ही गोष्ट गरिबाघरची म्हणून सोडून देता येणार नाही. पांढरे कार्ड बाळगणाऱ्या आपणा सर्वांचीही ती आहे. या योजनेने वाचलेली माणसे मी डोळ्यांनी पाहिली आहेत, म्हणून तिच्यातले उणे बोलायचा अधिकार थोडासा आपल्याकडे घेते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी पेणलाच राहते. तिचे माहेर रोह्याच्या पलीकडे एका खेड्यात, भाऊ धाटावच्या कारखान्यात कंत्राटी कामावर. एके दिवशी सकाळीच ती आली. "बाई, भावाचं बाळ नऊ दिवसांचं आहे. कालपासून दूध टिकत नाही, नुसतं निपचित पडून आहे. आणि बाई..." पुढे तिला बोलवेना. मी विचारल्यावर म्हणाली, "आईनं गावात मुलगा झाला म्हणून पेढे वाटले. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते की नक्की नाही, मुंबईला दाखवा. पण परवा बारसं आहे ना, ते उरकून मग जायचं ठरलं होतं."

बारसे उरकून! सारी मेख इथे आहे. रोह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी त्या दिवशी बाळ पाहिले, सलाईन लावले, एक चिठ्ठी लिहिली आणि १०८ ची गाडी मागवली. नागोठण्यापाशी गाडी पोचली तेव्हा भावाचा फोन आला, कागद घेऊन पेणच्या फाट्यावर उभी राहिले आणि तिथून मीही बरोबर गेले. आजी गाडीतच होती. सगळा वेळ एकच म्हणत होती, "अहो बाई, मी पेढे वाटले हो! आता गावात काय तोंड दाखवू?" मी म्हटले, "आजी, पेढे मूल झाले म्हणून वाटलेत. मूल आहेच की." त्यावर ती गप्प झाली आणि बाळाच्या तळपायाला हात लावून बसली.

मुंबईत रक्त तपासले. सोडियम फार उतरलेले, पोटॅशियम चढलेले. बाळाच्या अंगात मीठ टिकत नव्हते. ज्या खारेपाटात मिठागरे मैलोन्‌मैल पसरली आहेत, त्याच्या शेजारच्या लेकराला मिठावाचून प्राण जायची वेळ यावी!

हे दुखणे काय, ते थोडक्यात सांगते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. अंगातले मीठ राखणारा आणि आजारपणात तग धरायला लावणारा असे दोन रस ती बनवते. काही मुलांत ते बनवण्याच्या साखळीतली एक कडी जन्मतःच नसते. मग ग्रंथी फुगते आणि कच्चा माल भलत्याच वाटेने वळून त्यातून पुरुषी रस अधिक तयार होतो. गर्भातल्या मुलीवर त्याचा परिणाम असा, की आत गर्भाशय आणि बीजकोश व्यवस्थित असूनही बाहेरचे अंग मुलासारखे दिसू लागते. कधी थोडे, कधी इतके की अनुभवी सुईणही फसावी. वैद्यकात याला कंजेनिटल ॲड्रिनल हायपरप्लेशिया म्हणतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखावर नवजात बालके तपासली, तेव्हा साधारण पावणेसहा हजारांत एक असे प्रमाण निघाले. आणि यात खरी दैवाची थट्टा पुढेच आहे : मुलगी असेल तर निदान बाह्यांगावरून शंका तरी येते. मुलगा असेल तर तो अगदी नेहमीसारखा दिसतो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओकाऱ्या होऊन जातो, आणि घरचे म्हणतात, "दृष्ट लागली" किंवा "जुलाबाने गेला".

नेपल्सच्या द क्रेकिओ नावाच्या वैद्याने १८६५ साली एका प्रेताचे विच्छेदन केले. माणूस जन्मभर पुरुष म्हणून वावरलेला. आत सापडले गर्भाशय. मरण्यापूर्वी त्याला ओकाऱ्या आणि ग्लानीचे झटके येत. पुढे पंचाऐंशी वर्षे या ज्ञानाचा रोग्याला काडीचा उपयोग नव्हता. १९५० साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या लॉसन विल्किन्स यांनी कॉर्टिझोन देऊन पाहिले आणि मुले जगू लागली. आज उपाय साधा आहे : हायड्रोकॉर्टिझोनची गोळी दिवसातून तीनदा, फ्लुड्रोकॉर्टिझोनची एक, आणि तान्हेपणी दुधातून मोजून मीठ. ताप आला, हाड मोडले, तर गोळी दुप्पट-तिप्पट. पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन. मात्र हे जन्मभर. एक दिवसही खाडा नाही.

आता विम्याकडे येते. मुंबईच्या त्या इस्पितळात (नाव घेत नाही, तिथल्या डॉक्टरांचे आमच्यावर उपकार आहेत) आरोग्यमित्राच्या खिडकीशी आम्ही उभे राहिलो. बाळाचे नाव रेशनकार्डात असणे शक्यच नव्हते. मग जन्माचा दाखला आणा, बाळाचा आईबापाबरोबर फोटो आणा. दाखल्यासाठी ग्रामपंचायतीकडे विचारणा केली तर पहिला सवाल : मुलगा की मुलगी? "रकाना रिकामा ठेवता येत नाही." बाप माझ्याकडे बघतो, मी डॉक्टरांकडे, आणि डॉक्टर म्हणतात, गुणसूत्रांचा अहवाल यायचा आहे! दाखल्यावाचून विमा नाही, अहवालावाचून दाखला नाही, आणि अहवालासाठी आधी पैसे. वर्तुळाच्या परिघावर कुठूनही निघा, पुन्हा तिथेच. इतकी वर्षे वर्तुळ शिकवले, पण असले पाहिले नव्हते.

शेवटी बालरोग विभागाच्या प्रमुखांनी आपल्या सहीचे पत्र दिले आणि काम झाले. अतिदक्षतेतले दिवस योजनेत बसले. त्यासाठी बापाला एक पैसा पडला नाही, हेही नमूद करते. वाचकांनी एवढे मात्र ध्यानात ठेवावे, की जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी नाव त्याच वेळी द्यावे लागत नाही. ते वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. म्हणजे घाई आहे ती रक्त तपासायची. बाराव्या दिवशीच पाळणा म्हणायला हवा, असे कायदा म्हणत नाही.

गुणसूत्रे मुलीची निघाली. आत सर्व ठीक. औषध नीट चालले तर मोठेपणी लेकुरवाळी होईल, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले. आजीने विचारले, "मग मुलगाच का नाही करत? सोय आहे म्हणतात." त्या बाईंनी अर्धा तास बसून समजावले. त्या अर्ध्या तासाची किंमत मला तेव्हा कळली, कारण योजनेच्या यादीत असला अर्धा तास कुठेच नाही.

घरी सोडताना उलगडा झाला. योजना पॅकेजावर चालते. खाट धरली, शस्त्रक्रिया झाली, की त्याचा ठरलेला दर इस्पितळाला मिळतो. घरी गेल्यावर ठरावीक थोडे दिवस औषधे आणि तपासणी, तीही बहुधा त्याच दुखण्यापुरती. रोजची गोळी, तीन-तीन महिन्यांनी करायची रक्ततपासणी, मुंबईची खेप, आईबापांशी बोलणे, यांना जागा नाही. गोळी म्हणजे फार महाग असे नाही. पण तान्ह्या मुलाच्या बेताची गोळी रोह्यात मिळत नाही, मोठ्या गोळीचे चार तुकडे करून, कुटून, पाण्यात कालवून द्यावी लागते. रक्ताच्या एका तपासणीला त्या बापाची दोन-तीन दिवसांची मजुरी जाते. आणि त्याच वेळी कुणीतरी सहज सुचवले : "अंग नीट करून घ्यायचे असेल तर ते विम्यात बसते का बघू. लहानपणीच उरकलेले बरे, मोठेपणी लाज वाटते."

बापाचा हिशेब साहजिक होता. जे फुकट ते करून घ्यावे. इथेच मला या साऱ्या व्यवस्थेचा दोष दिसतो, आणि तो कुणा एका माणसाचा नाही. विमा सुरीला आणि खाटेला पैसे देतो. गोळीला आणि थांबण्याला देत नाही. मग माणूस सुरीकडे वळतो. ज्या मुलाला तातडीने हवी ती गोळी आणि जे सावकाश ठरवायचे ते शस्त्रकर्म, त्याच्या बाबतीत पैशाची गाडी नेमकी उलट्या दिशेने धावते.

सावकाश का, तर कापलेले परत जोडता येत नाही. लघवी अडणे, वारंवार जंतुसंसर्ग होणे अशा कारणाने शस्त्रक्रिया करावी लागली तर ती लगेच करावीच. मुलग्यांत मूत्रमार्गाचे तोंड भलत्या जागी असते तो हायपोस्पॅडियस दुरुस्त करणेही नेहमीचे काम आहे. पण केवळ अंग दिसायला नीट करण्यासाठी तान्ह्या मुलावर हत्यार चालवावे काय, यावर जगभर डॉक्टरांत मतभेद आहेत. मोठेपणी संवेदना गेल्याची, व्रण दुखत असल्याची आणि ठरवलेले लिंग आपले नव्हतेच अशी तक्रार करणारी माणसे पुढे आली. माल्टा या चिमुकल्या देशाने २०१५ साली अशा शस्त्रक्रियांना कायद्याने बंदी केली. आपल्याकडे २२ एप्रिल २०१९ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी एका विवाहनोंदणीच्या खटल्यात निकाल देताना तान्ह्या मुलांवरच्या अशा शस्त्रक्रिया थांबवण्याचे तमिळनाडू सरकारला सांगितले, आणि त्याच ऑगस्टमध्ये तिथे तसा आदेश निघाला. जीव धोक्यात असेल तर अपवाद. तमिळनाडूत असे घडले हे आमच्या ओसरीवर कुणाला माहीत असणार? मी बापाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे बाई, थांबलं तर चालतं?" चालते. त्याला तेवढेच ऐकायचे होते.

वेळीच न पाहिल्याचे दुसरे टोकही महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातल्या ललिता साळवे मुलगी म्हणून वाढल्या, पोलिसांत लागल्या, आणि वयाच्या पंचविशीनंतर तपासणीत पुरुषाचे गुणसूत्र निघाले. रजेसाठी आणि नोकरी टिकवण्यासाठी त्यांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्जेस या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रिया झाली आणि ते ललित साळवे झाले. वर्तमानपत्रांनी ही बातमी नवलाची म्हणून छापली. मला मात्र वाटले, शाळेत कुणी डॉक्टर गेलाच नसेल काय? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा आरंभ आपल्या पालघरलाच झाला. अठरा वर्षांपर्यंतची मुले अंगणवाडीत, शाळेत तपासायची. पण हे तपासायचे ठिकाण झाकलेले, आणि विचारायला सगळ्यांनाच संकोच.

आणखी एका प्रकारचे कागद माझ्याकडे अलीकडे येतात. पेणमधलेच एक सुस्थितीतले गृहस्थ संध्याकाळी, दिवा लागल्यावर आले. सोळा वर्षांचा मुलगा म्हणतो, मी मुलगी आहे. शरीरात काही दोष नाही, तपासण्या स्वच्छ. "सरकारी विम्यात याला काही उपाय आहे काय?" त्यांना 'उपाय' म्हणजे मुलाच्या डोक्यातून ते काढून टाकणे अभिप्रेत होते. मी सांगितले, असले 'काढून टाकण्याचे' उपचार करणे हे डॉक्टरांचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवले आहे. राहिला विमा. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१९ साली जो कायदा झाला, त्यात लिंगबदलाची शस्त्रक्रिया आणि संप्रेरकांचे उपचार यांचा खर्च विम्यातून भागवण्याची तरतूद घातली गेली. त्यानुसार ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने आयुष्मान भारतच्या अंगाने वर्षाला पाच लाखांच्या संरक्षणाचा करार केला. अज्ञान मुलासाठी प्रमाणपत्राचा अर्ज आईबापांनी करावा, असे त्या कायद्याने ठरवले. पण अठरा पुरी होण्याआधी अशा शस्त्रक्रियेला जबाबदार शल्यविशारद हात लावत नाहीत.

परदेशात यावर रणे माजली आहेत. इंग्लंडमध्ये मार्च २०२४ पासून वयात येणे रोखणारी औषधे अशा मुलांना सरकारी सेवेतून सरसकट देणे बंद झाले. अमेरिकेत टेनेसी राज्याने घातलेली बंदी जून २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. मौज अशी, की त्याच कायद्यात जन्मजात दोष असलेल्या किंवा अकाली वयात आलेल्या मुलांना तीच औषधे द्यायला मुभा आहे. औषध एक, मुले दोन, निवाडे दोन. त्या वादात पडायची माझी पात्रता नाही. त्या गृहस्थांना मी एवढेच म्हटले, "सोळाव्या वर्षी त्याला आधी बोलायला माणूस हवे. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फोन आहे, पैसे पडत नाहीत. आणि तुम्ही त्याच्यावर ओरडू नका." ते बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत बसले. नंतर म्हणाले, "ओरडलोच होतो." पुढच्या महिन्यात बापलेक दोघे मिळून मुंबईला डॉक्टरांकडे गेले, असे कळले.

पुन्हा रोह्याकडे. तपासणीत आणखी एक गोष्ट निघाली, ती सुनेला सांगण्यासारखी होती : या दुखण्याचा सदोष अंश आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही आले तरच मूल आजारी होते. दोष एकट्या आईच्या कुशीचा नाही. पुढच्या प्रत्येक वेळी चारांत एक अशी शक्यता राहते. नात्यात, मामाच्या मुलीशी वगैरे लग्न असेल तर हा धोका वाढतो. यांचेही तसेच होते. आजी म्हणाली, "मग ते लग्न मीच जमवलं होतं." यावर कुणी काही बोलले नाही.

अमेरिकेच्या सर्व राज्यांत प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन हे दुखणे आधीच हुडकतात. शेजारच्या गोव्याने २००८ साली नवजात बालकांच्या तपासणीची योजना सुरू केली होती. आमच्या पेणला आणि रोह्याला प्रसूती झाल्यावर हा थेंब सर्रास घेतला जात नाही. विमा जर अतिदक्षतेतल्या खाटेचे दिवसाचे दिवस पैसे मोजतो, तर त्या थेंबाचे आणि कुटून द्यायच्या गोळीचे का मोजू नयेत, हा हिशेब मी अर्ज लिहून वर पाठवला आहे. पोच मिळाली आहे.

बाळाचे बारसे तीन महिन्यांनी झाले. पत्रिकेत मुलीचे नाव छापले. गावात दोन-चार जणांनी विचारले, "मुलगा झाला होता ना?" आजीने उत्तर तयार ठेवले होते : "डॉक्टरांनी सांगेपर्यंत आम्हांला कळलं नव्हतं. आता कळलंय." बाप दर महिन्याला दिवा-रोहा गाडीने मुंबईहून गोळ्या घेऊन येतो. परतताना पेणला उतरून पावत्या माझ्याकडे ठेवून जातो. योजनेत कधी बसल्या तर लागतील म्हणून. फाईल आता बरीच जाड झाली आहे.